हुकावरचा लाल डाग आणि आमच्या सलमाताई

सलमाताईंच्या घरची मंडळी, कोर्टातले वकील, माथाडी टोळीतले भाऊ, करंजाड्याच्या आमच्या सोसायटीतल्या बायका, सगळ्यांना नमस्कार. मी मॅट्रिक झालेली बाई. भजनाला उभी राहते, माईकपुढे कधी राहिले नाही. चार ओळी लिहून आणल्यात, पण नजर सारखी त्या फोटोकडे जाते. फोटोपुढचा मोगरा माझ्या कुंडीतला आहे. विकतचा हार ताईंनी घेऊ दिला नसता.

सलमाताई आमच्या ह्यांच्या वकील. हे बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत. ते आज इथं कसे बसलेत, तेच मला सांगायचं आहे.

हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. एका खंडेनवमीला गाळ्यासमोर भांडण पेटलं. डोक्यात काहीतरी बसून एक माणूस गेला. तिथं ह्यांचा पोती उचलायचा हुक सापडला. मुठीवर नाव कोरलेलं, टोकाला लाल डाग. पोलिसांनी लिहिलं, रक्त. ह्यांना जन्मठेप झाली.

अपील केलं. सरकारी मदतीतून वकील मिळाले. ते जेलात एकदाही गेले नाहीत. मुलाखतीला नाव पुकारलं की हे आशेनं उठायचे, आणि जाळीपलीकडे मी असायची. "तूच होय," म्हणायचे. एक दिवस कळलं, अपील फेटाळलं. वकील उठले, दोन शब्द बोलले आणि बसले म्हणे.

मग ह्यांनी जेलातून अर्ज केला. माझ्या वकिलानं मला पाहिलं नाही, माझं म्हणणं कोर्टापुढे गेलंच नाही. एवढाच अर्ज. लोक हसले. नात्यातले एक तर तोंडावर म्हणाले, "वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं! हरलेला प्रत्येक माणूस वकिलालाच नावं ठेवतो."

तो अर्ज सलमाताईंकडे आला. मी रडत त्यांना हे अंगणाचं सांगितलं. ताई म्हणाल्या, "अंगण बघायला कुणी गेलं होतं का? मी जाते."

आणि गेल्या. हे सांगतात, बाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, मला काही माहीत नाही असं समजा. त्या दिवशी सकाळपासून सांगा." मग गप्प बसल्या. बराच वेळ गप्पच. मध्ये एकदा बोलल्या.

"हा डाग कशाचा?"

"कुंकवाचा, ताई."

"हुकाला कुंकू? ते कशाला?"

आता तुम्हीच सांगा, आपल्यापैकी कुणी हे विचारलं असतं? खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. हुक धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, मग दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पाट गाळ्यासमोरच होता. भांडणात तो उधळला. हे पोलिसांना ह्यांनी सांगितलं होतं, कुणी लिहून घेतलं नाही. ताईंच्या घरी ही पूजा नाही, म्हणून त्यांना प्रश्न पडला. मग त्यांनी फाईल काढली. हुकावर रक्त आढळलं नाही, असा तपासणीचा रिपोर्ट त्यात पहिल्यापासून होता. अपिलात कुणी वाचूनच दाखवला नाही!

भजनी मंडळाचा जमाखर्च मी लिहिते. न वाचता सही करत नाही. मला फार राग आला. त्या वकिलांना मी काय काय बोलले. ताई म्हणाल्या, "वहिनी, शिव्या नकोत. त्यांच्यापुढे फाईल गेली, माणूस गेला नाही. कोर्टाला आपण एवढंच सांगू."

मी रोज दिवा लावायची. त्यावर म्हणायच्या, "देवाला सांगाच. पण मी मागितलेले कागदही वेळेवर आणा, तो काही झेरॉक्स काढून देणार नाही."

वरच्या कोर्टानं ऐकलं. अपील नव्यानं चालवा म्हणाले. नव्यानं चाललं आणि हे घरी आले.

पुढे दर खंडेनवमीला ताई टोळीच्या पूजेला यायच्या. पहिल्या वर्षी ह्यांनी त्यांचं पेन मागितलं, पाटावर ठेवायला. "अहो, उद्या लागेल मला!" तर टोळीतले सगळे हसले, "ताई, उद्या दसरा, कोर्टाला सुट्टी!" मग दिलं. कुंकू लागलेलं ते पेन नंतर त्यांनी पुसलं नाही.

शेवटच्या आजारात भेटायला गेले. ताईंनी विचारलं, "दादा काय करतात?" म्हटलं, "जेवून पंख्याखाली झोपलेत." डोळे मिटून हसल्या. म्हणाल्या, "झोपू दे. उठवू नका."

मी दुःखी आहे, पण रिकामी नाही. माझ्या घरात दुपारी माणूस झोपतो, हे ताईंचं देणं.

आपण आता दोन मिनिटं उभे राहू. काही बोलू नका. त्या दिवशी जेलात ताई जशा गप्प बसल्या होत्या, तसेच त्यांच्यासाठी गप्प राहू या.