डबडं टिकेल किती?

...नाही नाही, बसा हो, लाईट काही आत्ता येत नाही, ती दिवेलागणीला जाते ती जेवणं आटोपल्यावरच उगवते, ओट्यावर वारा आहे, बसा... तर काय सांगत होतो, टिकेल किती! जो उठतो तो हेच! मी जुनं कॉम्प्युटर आणलं तेव्हा अख्ख्या चोपड्याला दुसरा विषयच नाही, 'झुलालभाऊ, टिकेल किती?' अहो, मी काय ब्रह्मदेव? लग्नात कुणी विचारतं का टिकेल किती? अक्षता टाकतात आणि पंगतीला पळतात! पण माझ्या दारात टांगा थांबला, त्यातून गोणपाटात गुंडाळलेलं ते डबडं उतरलं, की लागले सगळे विचारायला!

तुम्हाला सांगतो, मला हौस नव्हती. माझा टायपिंगचा क्लास, स्टँडमागे, दिवसभर टकटक टकटक, घरी परत यावं तर चिटपाखरू नाही. भिकुबाई, म्हणजे माझी पहिली, तिला जाऊन बरीच वर्षं झालेली. तर आमची पुष्पाअक्का, मोठी बहीण, साक्रीला दिलेली, ती एका लग्नात मला म्हणते, 'झुलाल, ती बघ, खापराजवळ.' बघतो तर एक बाई मांडे टाकतेय. दोन्ही हातांवर मांडा फिरतोय, फिरतोय, मोठा होतोय, पातळ होतोय, खाली जाळ, आणि बाईचं लक्षच नाही हो! नजर कुठंतरी लांब, डोंगरापलीकडे, आणि मांडा आपला हातावर तरंगतोय... मी पंगतीत बसलो, काय वाढलं, काय खाल्लं, काही आठवत नाही. मंजुळाबाई तिचं नाव. पिंपळनेरची, अंगणवाडीत शिकवायची, नवरा गेल्यावर भावाकडे राहायची.

आणि तो भाऊ! अभिमनआबा! शेतकरी माणूस, पण धुळ्याच्या बैलबाजारात त्याच्या शब्दाशिवाय बैल हलत नाही. अक्कानं विषय काढला तर म्हणतो, 'टायपिंगनं काम आज शे, सकाय नही. आते कॉम्प्युटर ई ऱ्हायनात. मन्ही बहीणनं कुकू एक डाव पुसायनं, आखो पुसायाले नको.' टायपिंगचं काम आज आहे, उद्या नाही, बोलला ते खरंच होतं. मी अक्काला छातीठोक सांगितलं, 'म्हणावं, आखाजी झाली की या, कॉम्प्युटर दाखवतो!' आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया.

नवं आणणं आपल्या आवाक्यातलं नव्हतं. मग आमचा नूर महंमद, रेडिओ दुरुस्तीवाला, तो मुंबईहून एक घेऊन आला. कुठल्याशा पेढीतलं जुनं, आतून उघडलेलं, पुसलेलं, दोनचार भाग बदललेलं. मी म्हटलं, 'नूरभाई, टिकेल किती?' तर हसला. 'झुलालभाऊ, मशीन है, इसकी कुंडली थोडी निकलती? संभालोगे तो चलेगा. बस, थंडा रखना.'

थंडा रखना! चोपड्यात! एप्रिलमध्ये! अहो, इथं माठातलं पाणी चहासारखं होतं!

पण ठेवलं. घरातला एकुलता एक कूलर, वाळ्याचे पडदे भिजवले आणि तोंड कॉम्प्युटरकडे. ते डबडं महाबळेश्वरला आणि मी बनियनमध्ये घामाघूम. पण काय सांगू... त्या दुपारी! बाहेर रस्ता ओस, केळीचे ट्रक सकाळीच गेलेले, कूलरची घुंघुं, वाळ्याचा वास, खोलीत अंधार, आणि त्या काळ्या काचेवर हिरवी अक्षरं... डोळे मिटत नाहीत आणि जागंही राहवत नाही, तसं व्हायचं. त्या काचेत आधीपासून एक डाग होता, पुसट पुसट रेघा आणि आकड्यांच्या ओळी, बंद केलं तरी दिसायच्या. नूर म्हणाला, 'पहले मालिक का है भाऊ. एक ही चीज रोज दिखाओ, तो काच याद रखती है.' काच लक्षात ठेवते! मी आपला बघत बसायचो... कोण असेल तो, रोज तेच पान उघडून बसणारा? आता कुठं असेल? त्याला कुणी विचारलं असेल का, टिकेल किती?

आता आम्हा टायपिंगवाल्यांना एक खोड असते, फावला वेळ मिळाला की एक्स एक्स एक्स मारत गणपती काढायचा. हात शिवशिवायला लागले. मशीनला मराठी येत नव्हतं, इंग्रजीत तर इंग्रजीत, एक्सला एक्स जोडत अख्ख्या काचेवर एकच नाव काढलं. मंजुळा. आणि पुसवेना हो! सकाळी लावायचं, संध्याकाळपर्यंत समोर. आखाजी येईपर्यंत रोज. क्लासचे विद्यार्थी घरी बघायला यायचे, विचारायचे, सर, हा कुठला प्रोग्राम? मी म्हणायचो, ॲडव्हान्स आहे, तुम्हाला नाही कळायचा.

आखाजी झाली. पाहुणे यायचा दिवस. म्हटलं आज मशीन दमायला नको, कूलर काठोकाठ भरला, पार जवळ ओढला, फुल्ल सोडला. दहा मिनिटांत आत चर्रर्र झालं, धुराची एक बारीक रेघ... आणि संपलं! नूर महंमद पळत आला, उघडलं तर आतून पाणी टपकतंय! 'भाऊ, थंडा रखो बोला था, नहलाओ नहीं बोला था!' आणि तेवढ्यात दारात कोण? अक्का, मंजुळाबाई आणि आबा!

आबानं आधी मलाच बघितलं. म्हणे, 'झुलालभाऊ, जरा स्टँडवरथीन पान लई या ना.' मी लगबगीनं निघालो, वळून बघतो तर हा पठ्ठ्या ओट्यावर उभा राहून माझी चाल बघतोय! परत आलो तर अक्काला सांगतोय, 'डावा पाय थोडा वढस.' मग कॉम्प्युटरकडे वळला. एक फेरी मारली. मागून वाकून पाहिलं. पाठीवर थाप मारली. 'येले कितला दात शेतस?' बैलाचं वय दातांवरून काढतात ना, तसं! 'कितला साल टिकी?' 'पहिले चालाडी दखाडा, मंग बोलूत.'

काय चालवून दाखवू? नूर महंमद वर आढ्याकडे बघतोय. अक्कानं कपाळाला हात लावला. आबा टोपी उचलून निघालाच. तुम्हाला खरं सांगतो, रडू आलं मला. मशीनचं नव्हे. ते नाव काढत घालवलेल्या सगळ्या दुपारी पायरी उतरून चालल्या होत्या...

आणि मंजुळाबाई जागची हलेना. विझलेल्या काचेपुढे वाकलेली. बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर लावतेय, तोंडातल्या तोंडात. शेवटच्या अक्षराशी बोट थांबलं. कानशिलं लाल! काचेनं लक्षात ठेवलं होतं हो सगळं!

'हे पुसलं जाईल?' तिनं विचारलं.

म्हटलं, 'नाही.'

'आणि ह्या मागच्या रेघा?'

'त्या पहिल्या मालकाच्या. त्याही जात नाहीत.'

मग हळूच म्हणाली, 'टिकेल किती?'

तिनंही तेच! पण मला राग नाही आला. म्हटलं, 'मंजुळाबाई, माहीत नाही. मशीनचंही नाही, माझंही नाही.'

म्हणाली, 'पहिल्या वेळेला सगळे छातीवर हात ठेवून सांगत होते, साता जन्मांचं आहे. तीन पावसाळे टिकलं. माहीत नाही म्हणणारे तुम्हीच पहिले.' आणि दाराकडे वळून, 'भाऊ, टोपी ठेव खाली. माले पसंत शे.'

आबा बघतच राहिला! 'आनि पाय वढस तो?'

'आपला ढवळ्याबी वढे. बारा साल चालना ना?'

झालं! ढवळ्या बैलाचा दाखला निघाल्यावर आबानं टोपी खाली ठेवली. लग्न लागलं. कॉम्प्युटर नूर महंमदनं कसंबसं दोनदा उठवलं, एक दिवाळी चाललं, मग कायमचं निजलं. काच मात्र मंजुळानं मोडीत देऊ दिली नाही, आत कोनाड्यात आहे, रोज फडक्यानं पुसते. मला नाही पुसत कुणी, पण असो. अजूनही दुपारी ती तिथं बसते, तांदूळ निवडत, नजर डोंगरापलीकडे... मी दारातून बघतो, आणि मनात येतं, टिकेल कि...

'अहोऽ! जेवायचंय का नाही? लोकांना घरी जाऊ द्या की! त्या मशीनला बरी अक्कल होती, लाईट गेली की गप्प तरी बसायचं!'

...आलो, आलो.