पडद्यावरचे दोन फोन

मालिनी : विचार तुझ्या बाबांना, हा फोन कानाला लावायचा कसा? आख्खा कॉम्प्युटर उचलायचा की काय?

ऋजुता : आई, बाबा तुझ्या शेजारीच बसलेत.

मालिनी : मी तुला सांगत्ये.

ऋजुता : बरं. हा खरा फोन नाही गो. एम्युलेटर म्हणतात याला. पडद्यावर फोनाचं सोंग, म्हण. मी नोकरीसाठी निरोप पाठवायचा प्रोग्राम लिहिलाय ना, तो खऱ्या फोनात घालण्याआधी यात चालवून बघायचा. दोन उघडलेत. डावीकडचा बाबांचा, उजवीकडचा तुझा. इथून लिहिलेलं तिथे उमटलं, की सोमवारी मी पुण्याला नोकरीवर हजर.

हरिहर : आणि वर या काड्या कसल्या?

ऋजुता : रेंज. यात ती कायम पूर्ण असते.

हरिहर : बघा! सगळ्या मालगुंडात नाही ती आमच्या माजघरात आली.

मालिनी : सांग त्यांना, ज्या टॉवरपायी माझ्या माहेराहून, जयगडहून आणलेल्या आंब्यावर कुऱ्हाड घातली, तो अजून मुकाच उभा आहे बागेत.

हरिहर : सांग तिला, गणपतीआधी सुरू करतो म्हणालेले ते लोक.

ऋजुता : मिरगापासून हेच करत्ये मी. आमटीत मीठ कमी आहे, तेसुद्धा माझ्या तोंडून. मी गेल्यावर कोणाला सांगाल? भिंतीला? मला तिथे झोप यायची नाही हो, बाबा.

हरिहर : ...दे तो माऊस इकडे. काय लिहू?

ऋजुता : मनात येईल ते. इंग्रजी अक्षरांत मराठी. एकेक बटण दोनतीनदा दाबावं लागतं. आणि लवकर हां, दुपारची लाईट जायची वेळ झालीय.

हरिहर : घाई करू नकोस. एवढं लिहायला मिरगापासून लागलंय मला.

मालिनी : सांग त्यांना, ताम्रपट नाही लिहायचाय.

हरिहर : झालं. पाठवलं.

ऋजुता : आलं! आई, तुझ्या फोनात आलं! बघ, पाकीट कसं लुकलुकतंय.

मालिनी : अगोबाई, काजव्यासारखं! थांब, स्वयंपाकघरातून चष्मा आणत्ये. कोणी हात लावू नका त्याला.

(लाईट जाते. पंखा सावकाश थांबतो. समुद्राची गाज ऐकू येऊ लागते.)

मालिनी : गेली? आणि माझं पाकीट?

ऋजुता : तेही गेलं गो. यात काही साठून राहत नाही.

मालिनी : विचार त्यांना, काय लिहिलेलं.

ऋजुता : तूच विचार. मी नाही वाचलं.

हरिहर : वाचलं नाहीस कसं? डोळे पुसत्येस ते मग कशाला?

ऋजुता : नाही वाचलं, बाबा.

हरिहर : ...अगो.

मालिनी : काय?

हरिहर : चुकलो, असं लिहिलेलं. तुला न विचारता तोडायला नको होता मी तो.

मालिनी : ऋजू, सांग त्यां... नको, राहू दे. अहो, विहिरीमागे डब्यात त्याचंच रोप आहे. शेवटच्या आंब्याचा बाठा रुजवलाय मी.

हरिहर : माहित्ये. रोज सकाळी पाणी घालतो त्याला.

मालिनी : तरीच. मला वाटायचं, दवानं ओलं असतं.