नुसतं गोड

ताई: म्हणजे हे नक्की आहे तरी काय? जॅम की लोणी?

भाऊ: दोन्ही नाही. वाणसामानाच्या दुकानात नवीन आलंय. ब्रेडला लावायचं आणि कस्टर्ड खाल्ल्याचं समाधान मानायचं. बरणीवर लिहिलंय बघ, व्हॅनिला कस्टर्ड.

ताई: मग माणसाने सरळ कस्टर्डच करावं की.

भाऊ: सगळ्यांची बहीण केकवाली नसते. घे, लावूनच आणलाय ब्रेड. आ कर.

ताई: आ कर काय, ठोंब्या? पन्नाशी उलटली माझी. दे इकडे.

भाऊ: सावकाश खा. आणि नीट मत दे. माझ्या बायकोसारखं ‘बरंय’ म्हणून मोकळी होऊ नकोस.

ताई: हं… साखर हात सोडून घातलीय. व्हॅनिला हलक्यातली. दूध आटवायचा कंटाळा केलाय मेल्यांनी. पण ब्रेडवर खपून जाईल. काय रे? असा काय बघतोस? तोंडाला लागलंय का माझ्या?

भाऊ: नाही.

ताई: मग?

भाऊ: ताई, ही व्हॅनिलाची बरणी मी अजून उघडलेलीच नाही. तुझ्या ब्रेडला दुसरं लावलं होतं. केळ्याचं.

ताई: केळ्याचं?

भाऊ: त्या पिशवीत आहे. इतकं घमघमतंय की गाडीच्या काचा खाली करून आलो.

ताई: म्हणजे माझी परीक्षा घेतलीस.

भाऊ: घेतली. हवं तर दोन धपाटे घाल. पण सरळ विचारलं असतं तर तू मला उडवून लावलं असतंस, आणि मी नेहमीसारखी गुमान केकची खोकी गिऱ्हाइकांकडे न्यायला गाडीत भरली असती. तुझ्यापुढे माझं कधी चाललंय?

ताई: कधी कळलं तुला?

भाऊ: तुझ्या त्या जुन्या गिऱ्हाईक, पेन्शनर बाई, त्यांच्या वाढदिवसाला केक नेऊन दिला ना, तेव्हा. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं. चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, केकला औषधासारखा वास येतोय, इसेन्सची बाटली उपडी झाली असेल, पण ताईंना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. उरलेला केक घरी नेला आणि आम्ही नवराबायकोने गपचूप संपवला. त्यानंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून तसाच अजून एक परत आला.

ताई: तोही तुम्हीच खाल्लात?

भाऊ: टाकवेना. तुझ्या हातचा होता.

ताई: अरे, मला का नाही सांगितलंस?

भाऊ: तू मला का नाही सांगितलंस?

ताई: काय सांगायचं? थंडीत ताप आला होता बघ. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. एकदा दूध उतू गेलं, करपलं, शेजारीण धावत आली आणि मी तिथेच शेगडीला पाठ करून अंडी फेटतेय. तेव्हा घाबरले. गोड कळतं, खारट कळतं, आंबट कळतं. पण सगळं नुसतं गोड. कशाचं गोड, ते नाही कळत. मलई चांगली असली तरी ओतून देते, नासली असली तर काय, या भीतीने.

भाऊ: डॉक्टर काय म्हणाले?

ताई: येईलही, नाही पण येणार. वाट बघा म्हणाले.

भाऊ: आणि तू वाट बघायच्या ऐवजी दुकान बंद करायला निघालीस.

ताई: कोण म्हणालं?

भाऊ: फुलवाली भेटली. तिच्या लेकीच्या लग्नाच्या केकला तू नाही म्हणालीस. पोरगी हिरमुसून बसलीय. जन्मल्यापासून तिचा एक वाढदिवस तुझ्या केकशिवाय झालेला नाही.

ताई: म्हणूनच नाही म्हटलं. तिच्या लग्नात औषधाचा वास नको. वासावरच चाललं रे माझं सगळं. तराजू नंतर आला, आधी नाक होतं. आंधळ्याने गाडी चालवायची का?

भाऊ: गाडी मी चालवतो. मला सांग, कुठे वळायचं ते.

ताई: तू? तुला दोनच चवी कळतात, छान आणि फारच छान.

भाऊ: मग तिसरी शिकव.

ताई: चेष्टा नाही करत मी.

भाऊ: मीही नाही. नाक माझं, अक्कल तुझी. उलटं असतं तर दोघंही बुडालो असतो.

ताई: हसवू नकोस. बरं, तो केळ्याचा ब्रेड खा अर्धा. आता सांग, कसा आहे? ‘छान’ म्हणालास तर लाटणं घालीन.

भाऊ: केळं आहे… पण खरं नाही. मुलांच्या खोडरबराला यायचा ना वास, तसं केळं. आधी नाकात घुसतं. मग जातं, आणि मागे तेलकट काहीतरी राहतं.

ताई: जिभेवर की टाळूला?

भाऊ: टाळूला. हो, टाळूला.

ताई: म्हणजे स्वस्तातलं वनस्पती तूप. बघ, जमतंय की तुला. इतकी वर्षं ‘छान’ म्हणून फसवलंस मला.

भाऊ: छानच असायचं, त्याला मी काय करू?

ताई: लोणी काढ फ्रीजमधून. आणि ती मलई हुंगून सांग. फुलवालीला अजून काही कळवू नकोस. आधी एक लहान करून बघू.

(ओव्हनमध्ये लहान केक भाजतो आहे. त्याच्यासमोर दोन स्टुलांवर दोघं खांद्याला खांदा लावून बसली आहेत.)

ताई: काय येतंय?

भाऊ: अंड्याचा वास होता मघाशी. तो गेला. आता लोणी.

ताई: बोलत राहा.

भाऊ: लोणी वितळल्यासारखं… नाही, भाजल्यासारखं. साखरही आहे त्यात, पण करपलेली नाही.

ताई: पुढे?

भाऊ: पुढे कसं सांगू? आई कामावर असायची, आणि मी शाळेतून येऊन दार ढकललं की आतून तुझ्या केकचा वास यायचा बघ. तसा. दप्तर टाकून थेट तुझ्याकडे पळावंसं वाटायचं.

ताई: भूक लागल्यासारखं होतंय का?

भाऊ: हो. एकदम.

ताई: मग झाला. सरक बाजूला, ओव्हनचं दार उघडते.