लस भजी खायला गेली

अरे, तेलगावातल्या पथनाट्याची गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली! गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टाळणारी लस मुलींना द्यायला तिथल्या आया तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी लसीकरण, आणि गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई रडकुंडीला आलेल्या. म्हणून मीच नाटक लिहिलं. मी पेशी. माझं विभाजन रोखणारा ब्रेक म्हणजे आमच्या गटातला सलीम. विषाणू झालेली सुरेखा त्याला ओढणीनं बांधायला येणार; तो बांधला गेला तर मी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत सुटणार, म्हणून लस झालेल्या इम्राननं तिला आधीच अडवायचं.

पण ऐन वेळी अडवायला कुणी आलंच नाही, आणि सुरेखानं सलीमला पाराजवळच्या खांबाला करकचून बांधलं. मग एकीच्या दोन होत मी समोरच्या बायांना हात धरून आत ओढलं, त्यांनी आणखी बायांना ओढलं. हलगीवाला चेकाळला, सगळ्या नाचायला लागल्या. तरी इम्रानचा पत्ता नाही!

"लस कुठं हाय बे?" सलीम खांबावरून ओरडला.

"भजी खायला गेलती, यायलीय!" गर्दीतून उत्तर आलं.

इम्रान तेलकट हातांनी धावत आला, तोवर पारासमोर बायांची एकच मोठी गाठ झालेली. आत शिरायला जागाच नाही. घामाघूम झालेल्या शांताकाकूंनी त्याला अडवलं.

"आता कावून आलास रे? गाठ झाल्यावर तुझा काय उपेग?"

मी हसावं की टाळ्या वाजवाव्यात! लस विषाणूच्या आधी घ्यायची असते, हे मी घसा फोडून सांगूनही या बायांना पटलं नव्हतं.

काकू आशाताईंकडे वळल्या. "ताई, उद्या आमच्या पोरीचा नंबर पयला लावा. अन् टोचायला ह्याला पाठवू नगा!"