सुदर्शनला ब्लर दिसतं

आईच्यान, शब्दानशब्द खरं हाय... म्हंजे बारा आनं खरं धरा, चार आनं मी घातलंय, पन त्यातलं कुठलं चार ते मलाबी आता आठवत न्हाई. तर तुमाला सांगतो, आण्याच्या सुदर्शनला भर दुपारी लख्ख दिसलं, भगवंतराव बांधाचा दगड ढकलत व्हता. कुनाच्या रानात? सुदर्शनच्या सख्ख्या चुलत्याच्या, सावळारामच्या. आन् भगवंतराव कोन? सुदर्शनचा व्हनारा सासरा, प्राचीचा बाप, सुपारी फुटलेली. सांगा राव, मानसानं करायचं काय? डोळं काढून खिशात ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी पारावर पंच बसलं. "बोल सुदर्शन, काय दिसलं?" इकडं चुलता टक लावून बघतोय, तिकडं सासरा मिशी पिळतोय... दिसलं म्हणावं तर लगीन मोडतं, न्हाई म्हणावं तर चुलता उंबऱ्यावर उभं करत न्हाई. अशात त्याला जुन्नरचा फोटोवाला कल्पेश आठवला. सोयरिकीचा फोटो काढताना हा हलला, तवा कल्पेश म्हणलेला, "ब्लर आलाय, पावणं. म्हंजे मानूस हाय, पन कोन हाय ते सांगता येत नाय."

झालं. सुदर्शन म्हणला, "दिसलं... पन ब्लर."

पंचांनी अर्थ इचारला, यानं सांगितला, आन् गावाला शब्द लई आवडला. दुधात पानी किती, तर अंजनाबाई म्हणं ब्लर. पावणं, मुक्काम किती दिस? ब्लर.

पन चुलता कसला ऐकतोय. "पोराचं डोळं गेलं," म्हणत त्यानं सुदर्शनला एस्टीत घातलं आन् फुकटच्या नेत्रशिबिरात नेलं. डाक्टर म्हणला, वाचा. अक्षरं ही एवढाली, भिंतीवरच्या जाहिरातीवानी. वाचावं तर डोळं धड ठरत्यात, म्हंजे परत पारावर पंचांम्होरं. सांगा, मानसानं करायचं काय? "ब्लर." भिंग बदललं. "आता?" "ब्लर." अशी अकरा भिंगं झाली, शेवटाला बरणीच्या बुडाएवढ्या जाड काचा दिल्या, आन् त्या नाकावर बसल्या तवा पयल्यांदा खरंच सगळं ब्लर झालं. येताना यानं दोन बैलांना राम राम घातला.

ते प्राचीच्या आजीनं, साळुबाईनं बघितलं. "आंधळ्याला देता व्हय रं पोरगी? मोडा सोयरीक." मग काय, चष्मा हातात घेऊन सुदर्शन पळत भगवंतरावाकडं. "मामा, मला लख्ख दिसतं. त्यो दगडसुदीक दिसला व्हता."

भगवंतरावानं चष्मा घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आन् सवताच्या हातानं जावयाच्या नाकावर बसवला. "लगीन व्हईल, जावईबापू. पन ह्यो काढायचा न्हाई. जल्मभर."

नऊ वरसं झाली लग्नाला. त्यो दगड दरसाल हातभर सरकतो म्हणत्यात. आता सरकतो का न्हाई, मी कसं सांगू?... चहाचं पैसं तेवढं तुमी द्या, पावणं. या काचातनं मला धाची नोट का पन्नासची कळत न्हाई, आन् चष्मा काढावा तर सासरा पलीकडच्या बाकड्यावर बसलाय.