तळातली पर्ची

जे सांगून राहिलो ते आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, बाबाले नाही, आन् बाबा तर आता राहिलेही नाहीत. तुम्ही विचारलं होतं न ताई, की पीएचडी करणाऱ्या माणसाच्या मनात रोज काय चालते, म्हणून आलो, नाहीतर मी काही बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाचं शटर ठोकणं. तर आता उघडलंच आहे तर लिहून घ्या, मधात थांबवू नका. थांबलो तर पुन्हा नाही होणार माझ्याच्यानं.

आम्ही मूळचे गोंदियाकडचे. बाबा रेल्वेत, मालगाडीचे गार्ड. मी चौथीत होतो तवा त्यायची बदली रायपूरले झाली आन् मग आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, क्वार्टरच्या फाटकाबाहेर पडलं की हिंदी. घराण्यात एमएस्सी झालेला मीच पहिला, मग पीएचडीले लागलो तर बाबा क्वार्टरच्या सगळ्या लाइनीत सांगून आले, माझा पोट्टा डॉक्टर होऊन राहिला. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी गुडघा दाखवायले आल्या. आई हसून हसून बेजार झाली. पहिल्या वर्षी मी पण हसलो. पाचव्या वर्षी बाबाच विचारू लागले, अजून शाळेतच आहेस काय रे? त्यायचा काही टोमणा नव्हता, त्यायले खरंच समजत नव्हतं. मालगाडी कितीही रखडली तरी कोण्या तरी स्टेशनात पोचते, हा पोट्टा कुठं उभा आहे? काय सांगू तुम्हाले, मलेच ठाऊक नव्हतं मी कुठं उभा आहो ते. तेहतीस वर्षांचा होतो. बरोबरीच्या पोट्ट्यायची लेकरं शाळेत जाऊन राहिली होती आन् मी रोज सकाळी हजेरीच्या रजिस्टरावर सही करून गाइडच्या दारासमोर फाइल घेऊन उभा राहायचो.

गाइड म्हणजे आमचे सर, वाईट नव्हते. ते मारझोड करत नव्हते, शिव्या देत नव्हते. एवढंच म्हणत, देखते हैं. थीसिसचं प्रकरण दिलं, देखते हैं. पेपर दाखवला, देखते हैं. या दोन शब्दांवर आम्ही महिने महिने काढत होतो. सरांची गाडी झाडाखाली सरळ लागली की त्या दिवशी फाइल घेऊन जायची, वाकडी लागली की नाही जायची, हे आमचं पंचांग. माझा पेपर दोन ठिकाणाहून परत आला होता. परत येते म्हणजे काय, दोन ओळींचा मेल येते, तुमचं काम आमच्या वाचकांसाठी योग्य नाही. पाच वर्षं दोन ओळींत. आन् तो मेल वाचून माणसानं लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक खायचा, हसायचं, कारण रडलं तर म्हणतील, इतकं मनाले लावून घ्यायचं नसते. सगळे हेच म्हणत. मी पण दुसऱ्यायले हेच म्हणत होतो.

त्या वर्षी स्नेहल आली. पुरानी बस्तीतली पोट्टी, घर मराठी पण तीन पिढ्या इथल्या, म्हणून मराठी सगळी समजे आन् उत्तर हिंदीत देई. मले भैया म्हणे. चोवीस वर्षांची, कामात इतकी नेटकी की सर माझ्यासमोर म्हणाले, इससे कुछ सीखो. ते मले लागलं, खोटं काहून बोलू. पण ती गुणी होती. डब्यातला अर्धा पराठा न विचारता माझ्याकडं सरकवायची आन् म्हणायची, भैया, मुँह मत लटकाओ, आपका वाला भी छप जाएगा.

तिचं काम धानावर होतं. बारा देशी जाती, प्रत्येकीच्या सहा कुंड्या, त्यातल्या तीन कुंड्यांले पाणी चालू, तीन कुंड्यांचं पाणी बंद. कोणती जात तहान सोसते ते पाहायचं. बहात्तर कुंड्या हिरव्या जाळीच्या शेडमध्ये, त्याले आम्ही नेटहाऊस म्हणतो, तिथं ओट्यावर मांडलेल्या. प्रत्येक कुंडीत एक प्लास्टिकची पर्ची खोवलेली, पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई उन्हानं उडते, पेन्सिल उडत नाही. जातीचा नंबर, आन् पाणी चालू का बंद. वरची पर्ची वाऱ्यानं पडू शकते म्हणून तशीच दुसरी पर्ची माती भरायच्या आधी कुंडीच्या तळाशी टाकायची, ही आमच्यात पद्धत. हंगाम संपला, झाड उपटलं, कुंडी पालथी केली की तळातली पर्ची वरच्या पर्चीशी मिळवून पाहायची. मधात पाहता येत नाही, झाड मरते.

तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं, दोन दिवस. शेडची चाबी माझ्या हातात देऊन गेली. भैया, बस पानी का देख लेना और दरवाज़े की कुंडी लगा देना. हव, म्हटलं, जा, नाच पोटभर.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या कुंड्यांले पाणी दिलं आन् मोबाइल वाजला. मेल. तिसऱ्या ठिकाणाहून पण पेपर परत. या वेळी एकच ओळ होती. मी तसाच बाहेर पडलो, दाराची कडी लावली नाही, गेटावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो, आन् चहा पण प्यालो नाही, नुसता बसलो. किती वेळ ते नाही सांगता येत. वावटळ उठली, धूळ डोळ्यात गेली तवा शुद्धीवर आलो. पळत गेलो तर दार आपटून राहिलं होतं आन् कडेच्या चार कुंड्या ओट्यावरून खाली लोळल्या होत्या. झाडं शाबूत, पण चारही पर्च्या निघून जमिनीवर. दोन जातींच्या, त्यात चालू पण आन् बंद पण. कोणती कुंडी कोणती, काही कळेना.

मी अंदाजानं लावल्या. पानं पाहून, माती चाचपून, असं वाटते असं असेल. लावल्या आन् दाराची कडी लावली.

ती आली तवा म्हणायचं होतं, स्नेहल, चार पर्च्या पडल्या होत्या, त्या चार कुंड्या मोजू नको. एवढंच. चार सोडल्या असत्या तर अडुसष्ट उरत होत्या, तिचं काहीच बिघडलं नसतं. पण मग दार काहून उघडं होतं ते सांगा लागलं असतं. सरांनी आधीच एकदा सुनावलं होतं मले, शेडमध्ये बकरी घुसली होती तवा. आन् माझ्या थीसिसवर त्यायची सही अजून व्हायची होती. मी गप्प राहिलो. शेडमध्ये मजुरीले येणाऱ्या बिसाहिन बाईनं तर चार दिवसांनी विचारलं पण, स्नेहल पाणी देत होती तिकडं बोट दाखवून माझ्याजवळ म्हणाली, बाबू, ये तो पियासा वाला गमला रिहिस, एमा पानी काबर देवत हे? म्हणजे ही तर तहानेली कुंडी होती, हिले पाणी काहून देऊन राहिली? त्या बाईले अक्षर येत नव्हतं, पण झाड ओळखत होती. मी म्हटलं, नहीं बाई, पर्ची देखो, पर्ची में लिखा है. ती पर्चीकडं न पाहता माझ्याकडं पाहत राहिली.

आता जे सांगतो ते त्याहून वाईट आहे. पर्ची चुकणं म्हणजे चूक, माणसाकडून होते. हे पुढचं चूक नाही.

कापणी झाली, कुंड्या पालथ्या करायच्या होत्या. मीच म्हटलं तिले, तू आकडे लाव, सेमिनार जवळ आला, कुंड्या मी रिकाम्या करतो. ती म्हणाली, भैया, आप न होते तो मेरा क्या होता. नीचे वाली पर्ची मिला लेना. मी एक एक पालथी केली. चारही कुंड्यांच्या तळातून दुसरीच पर्ची निघाली. तिच्या अक्षरात, सातच्या आकड्याले मधून आडवी रेघ मारायची ती तशीच. चारही. एक जरी बरोबर लागली असती तर मनाले थोडं बरं वाटलं असतं. मी त्या चार पर्च्या धुतल्या आन् शर्टाच्या खिशात टाकल्या. वर गेलो. तिनं विचारलं, मिल गए सब? मी म्हटलं, सब मिल गए.

सेमिनार झाला. पडद्यावर तिचा ग्राफ. जी जात अख्ख्या छत्तीसगढात तहान सोसणारी म्हणून ओळखली जाते तीच पाणी बंद असलेल्या एका कुंडीत उभी आन् दुसऱ्या कुंडीत मेलेली. सर म्हणाले, मैडम, पानी देना भूल गई थीं कि गिनना? खोलीत हसू फुटलं. ताई, मी पण हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो, आन् तिनं ते पाहिलं.

त्यानंतर ती माझ्याजवळ आली, जिन्यात. भैया, गलती मुझसे ही हुई होगी ना? काय सांगू तुम्हाले, डोळे कोरडे होते तिचे, नुसती विचारून राहिली होती, जसा माणूस डॉक्टरले विचारते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हटलं, होते असं सुरवातीले सगळ्यायचं, मनाले लावून घेऊ नको. मीच चोर आन् मीच समजावून राहिलो. ती म्हणाली, थैंक यू भैया.

धान वर्षातून एकदा. पूर्ण काम तिले पुन्हा करा लागलं. त्या वर्षी मी थीसिसवर सही घेतली, डॉक्टर झालो, बाबानं पेढे वाटले, आन् नोकरी लागायची होती म्हणून मी अजून तिथंच होतो, शेजारच्या टेबलावर, तिले पाहत. पाणी देऊन दारापर्यंत जायची आन् परत यायची. पुन्हा पर्ची वाचायची. पुन्हा जायची, पुन्हा यायची. एक आकडा चार चार वेळा लिहायची आन् चारही सारखे आले तरी पाचव्यांदा मोजायची. डब्बा आणणं बंद झालं. बिसाहिन बाई म्हणे, नोनी ल नजर लग गे, पोरीले नजर लागली. नजर नाही, मी लागलो होतो तिले.

दुसऱ्या हंगामात आकडे उत्तम आले. सरांनी दोन्ही ग्राफ समोर ठेवले आन् विचारलं, कौन सा साल सच है? ती म्हणाली, पता नहीं सर. तिले खरंच पता नव्हतं. चार पर्च्या माझ्या घरी कंपासच्या डब्यात होत्या आन् तिले स्वतःच्या दोन वर्षांपैकी कोणतं खरं हे ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं तिनं पीएचडीतून नाव काढून घेतलं. जाताना शेडची चाबी माझ्याच हातात ठेवली. भैया, मेरे बस का नहीं है. आन् मी, मी म्हटलं, जशी तुझी मर्जी.

तुम्ही म्हणाल, तवा तरी काहून नाही बोललो. आधी सहीची भीती होती, मग नोकरीची, कारण शिफारस सरांचीच लागणार होती, आन् नोकरी लागल्यावर लाजेची. भीतीले कारण लागत नाही, ती आपली जागा बदलत राहते. आन् आज सगळंच सांगायचं तर हे पण लिहा, की ती मागं पडली तवा माझ्या मनात कुठं तरी बरं वाटलं होतं. इतकी वर्षं सगळ्यायच्या मागं मी एकटा होतो.

मधात एकदा ती दिसली, सदर बाजारात. मी बायकोसंगं होतो. तीच पुढं आली, अरे भैया, प्रोफेसर साहब! शंकर नगरच्या एका शाळेत प्रायमरीले शिकवते म्हणाली. बायकोले म्हणाली, भाभी, उन दिनों एक यही थे जो मुझसे ठीक से बात करते थे. बायको कौतुकानं माझ्याकडं पाहून राहिली. मग ती स्कूटी लावून दुकानात गेली, आन् परत आली, लॉक ओढून पाहिलं, गेली, पुन्हा आली, पुन्हा ओढून पाहिलं. चार वेळा. गर्दीतले लोक हॉर्न वाजवून राहिले होते. बायको म्हणाली, काय हो ही पोट्टी. मी म्हटलं, चला, उशीर होते.

आज मी सत्तेचाळीसचा आहो. एका खासगी कॉलेजात आहो, माझ्या हाताखाली पण आता एक पोट्टी पीएचडी करते. मागच्या आठवड्यात तिचे आकडे जुळले नाहीत. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, सर, गलती मुझसे ही हुई होगी. तेच शब्द, ताई. माझ्या तोंडात आपोआप आलं, होते असं सुरवातीले, आन् तिथंच माझी जीभ अडकली. ती घाबरली, पाणी आणू का म्हणाली. मी म्हटलं, बस, आपण दोघं मिळून पहिल्या पानापासून पाहू. पाहिलं. चूक तिची नव्हती, वजनाचा काटा खराब होता. ती हसत गेली, आन् मी खोलीचं दार लावून बसलो. पंधरा मिनिटं लागली होती त्याले. पंधरा मिनिटं.

बाबा गेले ते मले डॉक्टर म्हणतच गेले. तेवढं एक बरं झालं का वाईट, मले नाही समजत.

तुम्ही हे छापाल. ती वाचेल, न वाचेल. पण तुम्हाले सांगितलं म्हणजे तिले सांगितलं असं होत नाही, हे मले कळते, म्हणून मन हलकं झालं असं काही लिहू नका. हलकं झालं नाही. मी तिचं जे देणं लागतो ते एवढं आहे: शंकर नगरच्या त्या शाळेत जाणं, चारही पर्च्या तिच्या हातात ठेवणं, आन् सांगणं की तुझी मोजणी दोन्ही वर्षं बरोबर होती, पर्च्या मी चुकवल्या, खोटं मी बोललो. ते अजून दिलेलं नाही.