मुदत तीस सप्टेंबर

शाहबाज : परत एकदा चालू करतो. थांब, हात लावू नकोस.

जहिरा : चार वेळा केलंस, भाई. चारही वेळा तेच वाक्य आलं.

भीमराज : काय लिवलंय त्यात?

शाहबाज : काही नाही भीमराजभाऊ, मशीन जरा अडकलंय. बसा ना तुम्ही.

भीमराज : बसाया न्हाई आलो. माझ्या बायकोला, सायलीला, तिकडं दवाखान्यात टेबलावर घेतलंय. सकाळी मोकळी झाली, पन रगत थांबंना. एक बाटली रक्तपेढीतनं मिळाली, ती चढवली. डॉक्टरीणबाई म्हनत्यात अजून एक तरी पायजे, पाचच्या आत. ओ निगेटिव्ह. पेढीत आता ती न्हाई. सिस्टर म्हनल्या, चौकात शाहबाजभाईचा कॉम्प्युटर क्लास हाय, त्येंची बहीन रगत देनाऱ्यांची यादी ठिवती. तसाच पळत आलो.

जहिरा : यादी आहे, भाऊ. दोन वर्षं कॅम्प घेऊन केलीय. चारशे बारा माणसं. गट, गाव, फोन, सगळं आहे. ह्याच्या आत.

भीमराज : मंग काढा की भाईर.

जहिरा : सांग त्यांना, भाई.

शाहबाज : जहिरा, आत्ता नको.

जहिरा : मग मला सांग. काल संध्याकाळपर्यंत चालत होतं. रात्रीतून काय झालं ह्याला?

शाहबाज : मुदत संपली. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती ही सिस्टीम बाजारात यायच्या आधीची आहे. बीटा म्हणतात. वापरून बघा, चुका सापडल्या तर कळवा, म्हणून काही लोकांना आधी देतात. पुण्याच्या संदीपला मिळाली होती, त्याच्याकडून मी आणली. तीस सप्टेंबरपर्यंतच चालणार होती.

जहिरा : आज एक ऑक्टोबर.

शाहबाज : माहितीय.

जहिरा : नाही, मी विचारतेय ते हे की तुला हे आधी माहिती होतं?

शाहबाज : पहिल्या दिवशी एकदा स्क्रीनवर आलं होतं. जूनमध्ये. मी ओके दाबलं आणि पुढं गेलो. तोवर पक्की सिस्टीम हातात येईल असं वाटलं.

जहिरा : बरं. माझी निळी फ्लॉपी काढ. यादी तिच्यावर उतरवून ठेवलीय. टायपिंग क्लासवाल्यांकडं मशीन आहे, त्यावर उघडू.

शाहबाज : टायपिंगवाले आज नसतील.

जहिरा : भाई, फ्लॉपी.

शाहबाज : ती पुसली मी. ह्या सिस्टीमला तीस फ्लॉप्या लागत होत्या. आपल्याकडं एकोणतीस होत्या.

जहिरा : म्हणून माझी घेतलीस.

शाहबाज : यादी मशीनमध्ये होतीच ना! मला वाटलं, नव्या फ्लॉप्या आल्यावर दुसरी करून देऊ. मग राहून गेलं.

जहिरा : जुलैत पत्रा गळून माझं रजिस्टर भिजलं. पानं सुटी करता करता लगदा झाला हातात. तेव्हा तू ह्याच खुर्चीवर बसला होतास. मी म्हणाले, जाऊ दे, फ्लॉपी आहे. तू मान हलवलीस.

शाहबाज : हलवली.

जहिरा : तेव्हा का नाही बोललास?

शाहबाज : तू रडकुंडीला आली होतीस. आणि सिस्टीम चालत होती. जहिरा, अख्ख्या जिल्ह्यात कुणी बघितली नव्हती तेव्हा ही! नगरहून पोरं बघायला यायची. राहात्यासारख्या गावात आपल्या टेबलावर—

भीमराज : ओ, तुमचं घरचं मागनं बोला! माझी बायको तिकडं पांढरी पडलीय.

जहिरा : माफ करा, भाऊ. भाई, जुनी सिस्टीम परत घाल.

शाहबाज : घालताना डिस्क पुसली गेली तर यादी कायमची जाईल. मला खात्री नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर वाचता येईल, पण ह्या जातीचं मशीन श्रीरामपुरात आहे आणि आज रविवार. टायपिंगवाल्यांचं तर फार जुनं आहे, त्याला ही डिस्क चालायची नाही.

जहिरा : संदीपला फोन?

शाहबाज : दोनदा लावला. घरी कुणी उचलत नाही.

जहिरा : थांब, फोन वाजतोय. हॅलो... हो, क्लासमधूनच. हो सिस्टर, इथंच आहेत ते. किती?... बरं. करतोय आम्ही. सांगते.

भीमराज : काय म्हनल्या?

जहिरा : लवकर करा म्हणाल्या.

भीमराज : तेवढंच?

जहिरा : तेवढंच, भाऊ.

भीमराज : ताई, मी इजेच्या खांबावर चढनारा मानूस हाय. खोटं बोलू नका. काय म्हनल्या?

जहिरा : प्रेशर खाली चाललंय.

भीमराज : माझं रगत जुळत न्हाई. तिच्या भावाचं बी न्हाई. आता ह्ये सोडून जाऊ तर कुटं जाऊ? चौकात हुभा राहून वरडू का?

शाहबाज : भाऊ, मी... अजून एकदा चालू करून बघतो.

भीमराज : पाचव्यांदा तेच करून काय हुनार? सरका जरा. मला एक सांगा. ह्यातलं मला काय कळत न्हाई. पन ह्येला कसं कळलं, आज एक तारीख हाय?

शाहबाज : आत घड्याळ असतं.

भीमराज : रातभर बटन बंद हुतं न्हवं? तरी चालतं?

शाहबाज : बोर्डावर एक बारका सेल असतो. त्याच्यावर चालतं.

भीमराज : मंग त्यो सेल काढून टाका की. घड्याळच मेलं तर ह्येला मुदत कशी कळंल?

शाहबाज : सेल... सेल काढायची सुद्धा गरज नाही. मशीन चालू होतानाच तारीख बदलता येते. या खुदा! सकाळपासून मी इथं बसून—

जहिरा : बदलता येते तर बदल. बाकीचं नंतर.

शाहबाज : हे बघ, आलं. किती मागं नेऊ?

जहिरा : मला काय विचारतोस? चालेल तितकी.

शाहबाज : मुदतीपासून चांगली लांब ठेवतो. एक मे. आता सुरू होऊ दे.

भीमराज : झालं?

शाहबाज : वेळ लागतो. दोन-तीन मिनिटं.

भीमराज : लई हळू हाय वो.

शाहबाज : आहे हळू. पण मघाशी ह्याच ठिकाणी थांबत होतं... गेलं पुढं! जहिरा, गेलं! बाण दिसतोय.

जहिरा : यादी उघड. गट टाक. ओ निगेटिव्ह.

शाहबाज : टाकला. दोन नावं.

जहिरा : वाच.

शाहबाज : कानिफनाथ, तिसगाव.

जहिरा : ते पाथर्डीच्या अंगाला. यायलाच रात्र होईल. दुसरं?

शाहबाज : लालमहंमदचाचा. राहाता.

जहिरा : चाचा ऑगस्टमध्ये वारले, भाई. आपण दोघं गेलो होतो.

भीमराज : म्हंजी? संपलं?

जहिरा : थांबा. दोनच कसे? श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचा एक होता. चौदा एप्रिलला विहारात कॅम्प घेतला, तेव्हा आला होता. पेढीवाले म्हणाले होते, हा गट कमी मिळतो, ह्यांचं नाव जपून ठेवा. मी स्वतःच्या हातानं भरलंय.

शाहबाज : दिसत नाहीये. ही बीटा आहे, जहिरा. कधीकधी मधलंच काहीतरी गिळून टाकते.

जहिरा : नाव काय होतं त्यांचं... उंच होते, गोरेसे, हसतमुख. नाव आठवत नाही मला! गट काढ आणि सगळी यादी दाखव. एकूण किती नावं दिसतायत?

शाहबाज : दोनशे एकसष्ट.

जहिरा : चारशे बारा होती.

शाहबाज : मग दीडशे गेली.

जहिरा : एप्रिलच्या कॅम्पला दीडशेच माणसं होती. एखाद-दुसरा वर, बस्स. नेमकी तीच कशी जातील? भाई, मी तुला काय सांगितलं होतं? रक्त देऊन तीन महिने झाले नसतील त्या माणसाचं नाव दाखवायचंच नाही. तू प्रोग्राममध्ये तसं घातलंस.

शाहबाज : घातलंय. पण एप्रिलला आता साडेपाच महिने—

जहिरा : आपल्याला झाले. ह्याला नाही झाले. ह्याच्या लेखी आज एक मे आहे.

शाहबाज : सतरा दिवसांपूर्वी रक्त दिलेली माणसं. म्हणून लपवलीत.

जहिरा : तारीख पुढं घे. एकोणतीस सप्टेंबर.

शाहबाज : चालू असताना बदलायची? मुदतीच्या इतक्या जवळ? ह्यानं उद्या-परवाचा हिशेब धरला आणि कायमचं बंद पडलं तर? आत्ता उघडलंय ते सुद्धा जाईल. त्यापेक्षा मी प्रोग्राममधली ती अट काढतो. वीस मिनिटं दे मला.

जहिरा : वीस मिनिटं नाहीयेत.

शाहबाज : तू असं म्हणतेस, पण बंद पडलं तर पुन्हा माझ्याच—

भीमराज : शाहबाजभाई.

शाहबाज : हां, भाऊ.

भीमराज : तार जिती हाय का मेलेली, ह्ये कळत नसलं तर आमी बी थांबतो. पन कवा कवा हात लावावा लागतो. लावा.

शाहबाज : एकोणतीस... सप्टेंबर. दाबतोय.

जहिरा : दाब.

शाहबाज : नाही पडलं बंद. नाही पडलं! ओ निगेटिव्ह... तीन नावं. छगन. बेलापूर. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा नंबर आहे.

जहिरा : छगनच! सांग नंबर, मी फिरवते. श्रीरामपूरचा कोड लावते आधी... लागला. हॅलो, गिरणी का? शेजारच्या छगनभाऊंना बोलवता का जरा? सांगा, राहात्याची जहिरा, रक्ताच्या कॅम्पवाली. नाही, नंतर नाही, आत्ताच. मी धरते फोन.

भीमराज : घरी असतील ना?

जहिरा : भाऊ, श्वास घ्या. हॅलो, छगनभाऊ? ओळखलंत?... एक बाळंतीण अडचणीत आहे. तुमचाच गट लागतो... हो, आज. पाचच्या आत. एप्रिलच्या कॅम्पनंतर कधी दिलंय का रक्त?... ताप वगैरे?... मग या. जेवलात का? नाही, उपाशी नका निघू, दोन घास खाऊनच निघा. गाडी?... बरं. बरं. दवाखाना बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पिवळी इमारत. माणूस दारात उभा असेल.

भीमराज : येतो म्हनले?

जहिरा : निघाले. गिरणीवाल्याची मोटरसायकल घेतायत. तासाभरात पोचतील.

भीमराज : कुनाची बाई, कोन मानसं, काय इचारलं का?

जहिरा : नाही. गल्ली कुठली तेवढं विचारलं.

भीमराज : जातो मी. दारात हुभा ऱ्हातो.

(संध्याकाळी साडेसहा. क्लासमधला फोन वाजतो.)

शाहबाज : हॅलो?

भीमराज : भीमराज बोलतोय, दवाखान्यातनं.

शाहबाज : बोला भाऊ. पटकन बोला.

भीमराज : बाटली चढली. रगत थांबलं. मघाशी डोळं उघडून पानी मागितलं तिनं. डॉक्टरीणबाई म्हनल्या, आजची रात लक्ष ठिवू, पन भ्यायचं काम न्हाई आता.

शाहबाज : जहिरा, वाचल्या! पाणी मागितलं म्हणतायत. भाऊ... एक बोलायचं होतं. दुपारी तुम्हाला मी सांगितलं, मशीन अडकलंय. ते खोटं होतं. मीच—

भीमराज : ऐकलं की मी सगळं. तितंच तर हुभा हुतो.

शाहबाज : काही बोलला नाहीत त्यावर.

भीमराज : तवा तुमचं हात चालाया पायजे हुतं. मी बोललो असतो तर थरथरलं असतं.

शाहबाज : आता बोला.

भीमराज : लई राग हुता. तुमच्याकडनं निगालो तवा ठरवलंच हुतं, परत जाऊन चांगलं सुनवायचं. मंग त्यो छगन आला. बाही वर केली, आडवा झाला, मलाच म्हनतो, भाऊ, तुमी बसा, लई दमलाय. त्येच्याफुडं कुनावर राग धरायचा, सांगा.

शाहबाज : माझ्यावर धरला असता तरी चाललं असतं.

भीमराज : यादी तेवढी नीट ठिवा.

शाहबाज : जहिरा वहीत उतरवतेय, मी वाचून दाखवतोय. तीनशेच्या पुढं गेलोय आम्ही. मशीन बंदच केलं नाही दुपारपासून.

भीमराज : बरं. ठिवतो मंग.

शाहबाज : भाऊ, एक मिनिट. जहिरा विचारतेय. मुलगा का मुलगी?

भीमराज : मुलगी. सकाळपास्नं कुनी इचारलंच न्हवतं. मी बी आत्ताच बघितली.